अम्ल-क्षारक अनुमापन

अम्ल-क्षारक अनुमापन : विद्रावातील अम्लाची किंवा क्षारकाची (अम्लाशी विक्रिया होऊन लवण व पाणी देणाऱ्या पदार्थाची) संहती, म्हणजे ठराविक घनफळात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण, काढण्याची एक घनफळात्मक पद्धत. हीत अज्ञात विद्रावाचे मोजलेले घनफळ घेऊन त्यात संहती अचूक माहीत असलेला विरुद्ध स्वरूपाचा विद्राव थोडाथोडा मिसळतात आणि विक्रिया नेमकी पूर्ण होण्यास त्याचे किती घनफळ लागले ते मोजतात. ज्ञात संहतीच्या विद्रावास प्रमाण विद्राव म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः प्रबल अम्ल व प्रबल क्षारक यांच्या अनुमापनाचा, त्यावरून संहती काढण्याच्या गणिताचा आणि नासिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीत व द्राक्षप्रक्रियेत होणाऱ्या त्याच्या उपयोगाचा विचार केला आहे.

प्रबल अम्ल म्हणजे पाण्यात विरघळल्यावर ज्याच्या रेणूंचे जवळजवळ पूर्णपणे आयनांत (विद्युत् भारित अणूंत वा अणुगटांत) विगमन होते असे अम्ल. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक व सल्फ्यूरिक ही नेहमीच्या वापरातील प्रबल अम्ले आणि सोडियम हायड्रॉक्साइड (दाहक सोडा) व पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे प्रबल क्षारक होत. ‘प्रबल’ व ‘संहत’ या संज्ञांची गल्लत होऊ देता कामा नये. दहा लिटर पाण्यात काही थेंब टाकलेले हायड्रोक्लोरिक अम्ल अतिशय विरल असले, तरी ते प्रबलच असते. उलट शुद्ध ॲसिटिक अम्ल अत्यंत संहत असूनही दुर्बल होय. प्रबलता हा पदार्थाचा गुणधर्म आहे, तर संहती ही विशिष्ट विद्रावाची स्थिती आहे. अनुमापनाने कळते ती संहती.

इतिहास : शिर्क्याची तीव्रता मोजण्यासाठी क्लोद झोझेफ झॉफ्र्‌वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १७२९ मध्ये शिर्क्यात पोटॅशियम कार्बोनेट थोडेथोडे टाकून फसफसणे थांबेपर्यंत किती लागते ते पाहिले. फसफसणे केव्हा थांबले हे ठरविणे अवघड असल्यामुळे ही रीत ढोबळ होती. विल्यम ल्यूइस या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १७६७ मध्ये पोटॅशच्या परीक्षणासाठी रंग बदलणाऱ्या वनस्पतिज रंजकाचा उपयोग केला आणि अंत्यबिंदू डोळ्यांना स्पष्ट दिसू लागला. फ्रान्समधील वस्त्रविरंजनाच्या धंद्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस देक्र्‌वाझील यांनी अंशांकित नळीचा वापर सुरू केला. गे-ल्युसॅक यांनी १८२४ च्या सुमारास ब्युरेट व पिपेट ही नावे रूढ केली व पद्धतीत पुष्कळ सुधारणा केल्या. फ्रीड्रिख मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांचा अनुमापन पद्धतींवरील ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही पद्धत प्रयोगशाळांत सर्वत्र पसरली. फिनॉल्फ्थॅलीन (१८७७) व मिथिल ऑरेंज (१८७८) या संश्लेषित दर्शकांनी वनस्पतिज रंजकांची जागा घेतली. आर्‌हेनियस यांच्या विद्युत् विगमनाच्या सिद्धांतामुळे (१८८७) विक्रियेचे खरे स्वरूप कळले, तर सरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या पीएच मूल्याच्या (विद्रावाची अम्लता किंवा क्षारता दर्शविणाऱ्या अंकाच्या, शेतीविषयक लिखाणात यालाच ‘सामू’ म्हणतात) कल्पनेमुळे योग्य दर्शक निवडणे शास्त्रशुद्ध झाले. अर्थात या पद्धतीची सुरुवात व्यापार व कारखानदारी यांच्या गरजेतून झाली. विकत घेतलेल्या मालात अम्ल वा क्षारक खरोखर किती आहे, हाच मूळ प्रश्न होता.

तत्त्व : प्रबल अम्लाच्या विद्रावात हायड्रोजन आयन आणि प्रबल क्षारकाच्या विद्रावात हायड्रॉक्सिल आयन असतात. दोन्ही एकत्र आल्यावर त्यांपासून पाणी तयार होते. हायड्रोक्लोरिक अम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड यांची विक्रिया पुढीलप्रमाणे लिहिता येते :

हायड्रोक्लोरिक अम्ल + सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम क्लोराइड + पाणी

सोडियम व क्लोराइड आयन विद्रावात तसेच राहतात. प्रत्यक्ष विक्रिया होते ती हायड्रोजन व हायड्रॉक्सिल आयनांमध्ये. त्यामुळे कोणतेही प्रबल अम्ल व कोणताही प्रबल क्षारक घेतला, तरी एक नियम कायम राहतो : उदासिनीकरण (परस्परांचे अम्लीय व क्षारीय गुणधर्म नाहीसे होणे) नेमके पूर्ण होते त्या क्षणी अम्लाने पुरविलेल्या हायड्रोजन आयनांची संख्या व क्षारकाने पुरविलेल्या हायड्रॉक्सिल आयनांची संख्या सारखी असते. या स्थितीस सममूल्य बिंदू म्हणतात. दर्शकाचा रंग बदलतो तो अंत्यबिंदू. दोन्ही बिंदू शक्य तितके जवळ असावेत, हे दर्शकाच्या निवडीचे उद्दिष्ट असते.

संहती दोन प्रकारे सांगतात. एक लिटर विद्रावात पदार्थाचे जितके मोल (ग्रॅम-रेणू) असतील, ती त्याची मोलर संहती होय. एक लिटरात जितके ग्रॅम-सममूल्यभार असतील, ती नॉर्मल संहती होय. अम्लाचा सममूल्यभार म्हणजे त्याच्या रेणुभारास एका रेणूतील प्रतिष्ठापनीय (क्षारकाशी विक्रिया होताना बदलल्या जाणाऱ्या) हायड्रोजन अणूंच्या संख्येने भागून येणारी संख्या. हायड्रोक्लोरिक अम्लात असा एकच हायड्रोजन असल्याने त्याचा रेणुभार व सममूल्यभार दोन्ही ३६·४६ आहेत. सल्फ्यूरिक अम्लात असे दोन हायड्रोजन असल्याने रेणुभार ९८·०८, पण सममूल्यभार ४९·०४ आहे. आंतरराष्ट्रीय परिभाषेत आता मोलर संहतीला प्राधान्य असले, तरी पाणी, माती व फळांचे रस यांच्या परीक्षणात नॉर्मल संहतीचा वापर टिकून आहे, कारण तीमुळे गणित सुटसुटीत होते.

उपकरणे व कृती : अज्ञात अम्लाचा विद्राव पिपेटने (बहुधा २५ मिलि.) मोजून शंक्वाकार चंबूत घेतात, त्यात दर्शकाचे दोन-तीन थेंब टाकतात आणि ब्युरेटमधून क्षारकाचा प्रमाण विद्राव थेंबाथेंबाने सोडीत चंबू सतत हलवितात. फिनॉल्फ्थॅलीन वापरले असल्यास रंगहीन विद्रावास फिकट गुलाबी छटा येऊन ती अर्धा मिनिट टिकली, म्हणजे अंत्यबिंदू आला असे मानतात. एकमेकांशी ०·१ मिलि.च्या आत जुळणारी निदान दोन वाचने मिळेपर्यंत कृती पुन्हा करतात व त्यांची सरासरी घेतात.

उपकरणे धुण्याच्या नियमांतही या पद्धतीचे तत्त्व दडलेले आहे. ब्युरेट व पिपेट वापरण्यापूर्वी त्या-त्या विद्रावाने खंगाळतात, कारण आत उरलेल्या पाण्याने विद्राव विरल होऊन मोजलेल्या घनफळातील पदार्थाची राशी बदलेल. शंक्वाकार चंबू मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात. त्यात पाणी राहिले तरी चालते, कारण पिपेटने टाकलेल्या अम्लाची एकूण राशी पाण्याने कमी-जास्त होत नाही. चंबू अम्लाने खंगाळल्यास मात्र उत्तर हटकून जास्त येते.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील बाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेत असल्यामुळे ते वजन करून अचूक प्रमाण विद्राव तयार करता येत नाही. म्हणून त्याचा साधारण संहतीचा विद्राव करून तो स्फटिकी ऑक्झॅलिक अम्लाच्या किंवा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटाच्या विद्रावाने पारखून घेतात. स्फटिकी ऑक्झॅलिक अम्लाचा सममूल्यभार ६३·०३ असल्याने ६·३०३ ग्रॅ. स्फटिक एक लिटर विद्रावात असल्यास तो ०·१ नॉर्मल होतो. हायड्रोक्लोरिक अम्ल पारखण्यासाठी निर्जल सोडियम कार्बोनेट (सममूल्यभार ५३·०) वापरतात.

पीएच मूल्यातील बदल व दर्शक : ०·१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अम्लाच्या २५ मिलि. विद्रावात ०·१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड मिसळत गेल्यास पीएच मूल्य कसे बदलते, हे पुढील कोष्टकावरून दिसेल (तापमान २५° से.).

मिसळलेला क्षारक (मिलि.) — पीएच मूल्य
०·० — १·००
१०·० — १·३७
२०·० — १·९५
२४·० — २·६९
२४·९ — ३·७०
२५·० — ७·००
२५·१ — १०·३०
२६·० — ११·२९
३०·० — ११·९६

पहिल्या २४ मिलि. क्षारकाने पीएच मूल्य दोनहून कमी एककांनी वाढते. पण २४·९ पासून २५·१ मिलि.पर्यंतच्या अवघ्या ०·२ मिलि.मध्ये, म्हणजे सु. चार थेंबांत, ते सहाहून अधिक एककांनी उडी घेते. यामुळेच प्रबल अम्ल व प्रबल क्षारक यांच्या अनुमापनात दर्शकाची निवड फारशी अडचणीची नसते. मिथिल ऑरेंज (बदल पीएच ३·१ ते ४·४), लिटमस आणि फिनॉल्फ्थॅलीन (८·३ ते १०) यांपैकी कोणताही वापरला, तरी फरक एखाद्या-दोन थेंबांहून जास्त पडत नाही. अम्ल किंवा क्षारक दुर्बल असल्यास ही उडी लहान होते व दर्शक काळजीपूर्वक निवडावा लागतो. [⟶ दर्शक, पीएच मूल्य].

संहतीचे गणित : सममूल्य बिंदूला दोन्ही बाजूंचे सममूल्यभार समान असतात, म्हणून

न१ × घ१ = न२ × घ२

हे समीकरण मिळते. येथे न१ व घ१ ही अम्लाची नॉर्मल संहती व घनफळ आणि न२ व घ२ ही क्षारकाची होत. संहतीला मिलिलिटरांतील घनफळाने गुणले असता मिलिसममूल्ये (सममूल्यभाराचे सहस्रांश) मिळतात. समीकरण साधे असले, तरी ते केवळ सूत्र म्हणून वापरल्यास चुका होतात. चंबूत प्रत्यक्ष किती मिलिसममूल्ये होती व ती मूळ नमुन्याच्या किती घनफळातून आली, हे दोन प्रश्न क्रमाने सोडविल्यास बहुतेक चुका टळतात.

(१) साधे उदाहरण : २५·० मिलि. हायड्रोक्लोरिक अम्लास ०·१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड २३·६ मिलि. लागले. क्षारकाची मिलिसममूल्ये ०·१ × २३·६ = २·३६. अम्लाचीही तितकीच. ती २५·० मिलि.मध्ये असल्याने अम्लाची संहती २·३६ ÷ २५·० = ०·०९४४ नॉर्मल. यास सममूल्यभाराने गुणल्यास दर लिटरात ०·०९४४ × ३६·४६ = ३·४४ ग्रॅ. अम्ल आहे असे निघते.

(२) दोन हायड्रोजनांचे अम्ल : २०·० मिलि. सल्फ्यूरिक अम्लास ०·१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ३२·० मिलि. लागले. क्षारक ३·२ मिलिमोल आहे; परंतु सल्फ्यूरिक अम्लाच्या एका रेणूस क्षारकाचे दोन रेणू लागत असल्याने अम्ल १·६ मिलिमोलच असले पाहिजे. म्हणून संहती १·६ ÷ २०·० = ०·०८० मोलर, म्हणजेच ०·१६० नॉर्मल, आणि दर लिटरात ७·८५ ग्रॅ. अम्ल. विक्रियेतील एकास दोन हे प्रमाण विसरल्यास ०·१६० मोलर व १५·७ ग्रॅ. अशी नेमकी दुप्पट उत्तरे येतात. ही चूक अंकगणिताची नसल्यामुळे आकडेमोड पुन्हा तपासूनही सापडत नाही.

(३) विरलन केलेला नमुना : बाजारात मिळणारे औद्योगिक हायड्रोक्लोरिक अम्ल सामान्यतः ३० ते ३३ टक्के असते, म्हणजे त्याची संहती सु. ९·५ ते १०·५ नॉर्मल असते. ते तसेच अनुमापनास घेतल्यास २५ मिलि. नमुन्यास ०·१ नॉर्मल क्षारक दोन लिटरांहून अधिक लागेल. म्हणून अगोदर विरलन करतात. समजा, कॅनमधील १०·० मिलि. अम्ल पाण्यात मिसळून मापन-चंबूत १ लिटर विद्राव केला व त्यातील २५·० मिलि.ला ०·१ नॉर्मल क्षारक २४·२ मिलि. लागले. विरल विद्रावाची संहती २·४२ ÷ २५·० = ०·०९६८ नॉर्मल. १० मिलि.चे १,००० मिलि. केले असल्याने मूळ अम्ल शंभरपट, म्हणजे ९·६८ नॉर्मल आहे. दर लिटरात ९·६८ × ३६·४६ = सु. ३५३ ग्रॅ. हायड्रोजन क्लोराइड येते. त्या अम्लाची घनता दर मिलि.ला १·१५ ग्रॅ. भरल्यास एक लिटराचे वजन १,१५० ग्रॅ. होते व त्यावरून वजनी प्रमाण सु. ३०·७ टक्के निघते. टक्केवारी काढताना घनता विसरून ३५३ ग्रॅमांना १,००० ने भागल्यास ३५·३ टक्के असे फसवे उत्तर येते.

(४) उलट अनुमापन : नमुना पाण्यात विरघळत नसल्यास त्यात प्रबल अम्ल मोजून जास्त घालतात व उरलेले अम्ल प्रबल क्षारकाने मोजतात. मातीतील चुनखडीचे (कॅल्शियम कार्बोनेटाचे) प्रमाण अशा रीतीने काढता येते. समजा, ५·० ग्रॅ. मातीत ०·५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अम्ल ५०·० मिलि. घातले, फसफसणे संपल्यावर उरलेल्या अम्लास ०·२५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ४४·० मिलि. लागले. घातलेले अम्ल २५·० मिलिसममूल्ये, उरलेले ११·० मिलिसममूल्ये, म्हणून चुनखडीने वापरलेले १४·० मिलिसममूल्ये. कॅल्शियम कार्बोनेटाचा सममूल्यभार ५०·०४ असल्याने त्याचे वजन ०·७० ग्रॅ. व मातीतील प्रमाण १४ टक्के येते. येथे क्षारक जितका जास्त लागेल तितकी चुनखडी कमी, हा उलटा संबंध ध्यानात ठेवावा लागतो.

दोषांची कारणे : ब्युरेटवरील वाचनात सु. ०·०५ मिलि.ची चूक होऊ शकते. एकूण वाचन २४ मिलि. असल्यास ती ०·२ टक्के, पण २·४ मिलि. असल्यास २ टक्के ठरते. म्हणून वाचन २० ते ३० मिलि.च्या दरम्यान येईल अशा बेताने नमुना विरल करतात. जुन्या क्षारक-विद्रावाने कार्बन डाय-ऑक्साइड शोषल्यास त्याची परिणामकारक संहती घटते; असा विद्राव पूर्वीच्याच संहतीचा समजून वापरला, तर अम्ल प्रत्यक्षाहून जास्त असल्याचे दिसते. डोळा द्रवाच्या पातळीत न ठेवणे, ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा राहणे व रंग गडद होईपर्यंत क्षारक घालीत राहणे, ही चुकीची इतर नेहमीची कारणे होत.

नासिक जिल्ह्यातील उपयोग : नासिक जिल्ह्याच्या निफाड, दिंडोरी, चांदवड, नासिक इ. तालुक्यांत द्राक्षांची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. येथील काळ्या जमिनी बेसाल्ट खडकापासून बनल्या असून पुष्कळ ठिकाणी त्यांत चुनखडीचे खडे आढळतात. विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यातही कॅल्शियम व बायकार्बोनेट यांचे प्रमाण बरेच असू शकते. द्राक्षबागांना पाणी बहुधा ठिबक सिंचनाने देतात. अशा पाण्यातील बायकार्बोनेटापासून कॅल्शियम कार्बोनेटाचा साका बनून तोट्यांची बारीक छिद्रे बुजतात. ओळीतील काही वेलींना पाणी कमी पडते आणि हे बाहेरून चटकन लक्षात येत नाही. साका विरघळविण्यासाठी संचातून अम्लयुक्त पाणी सोडतात. हायड्रोक्लोरिक, सल्फ्यूरिक किंवा फॉस्फोरिक अम्ल वापरून पाण्याचे पीएच मूल्य साधारणतः ४ पर्यंत उतरवितात, ते पाणी काही काळ नळ्यांत राहू देतात आणि नंतर नळ्यांची टोके उघडून संच स्वच्छ पाण्याने धुतात.

किती अम्ल घालावयाचे, हा अनुमापनाचा प्रश्न आहे व त्यास दोन मापने लागतात : पाण्याची क्षारता व अम्लाची संहती. उदा., १०० मिलि. विहिरीच्या पाण्यास मिथिल ऑरेंजचा रंग बदलेपर्यंत ०·१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अम्ल ६·० मिलि. लागले, तर त्या पाण्यात दर लिटरास ६ मिलिसममूल्ये क्षारता आहे. १,००० लि. पाण्यास ६ सममूल्यभार अम्ल हवे. वरील (३) मधील ९·६८ नॉर्मल अम्ल वापरल्यास ६ ÷ ९·६८ = ०·६२ लि., म्हणजे सु. ६२० मिलि. लागेल. मिथिल ऑरेंजचा रंग पीएच ४ च्या किंचित वरच बदलू लागत असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिक अम्ल घालून पीएच कागदाने खात्री करतात.

येथे अनुमापनातील अचूकपणाचे व्यावहारिक मोल दिसून येते. हेच अम्ल वेष्टनावरील ३३ टक्के या आकड्यावरून १०·५ नॉर्मल मानले, तर ५७१ मिलि.च घातले जाईल. तूट केवळ ५० मिलि.ची, म्हणजे आठ टक्क्यांची आहे. परंतु दर लिटरास सु. अर्धे मिलिसममूल्य बायकार्बोनेट तसेच राहून पीएच मूल्य ५ च्या वरच थांबेल आणि प्रक्रिया करूनही साका पुरता विरघळणार नाही. बायकार्बोनेट पीएच मूल्याच्या बदलास विरोध करते व तो विरोध संपल्यावरच मूल्य झपाट्याने खाली येते, हे याचे कारण होय. उलट बाजूची चूक अधिक घातक असते. संहत सल्फ्यूरिक अम्ल (९८ टक्के, घनता १·८४) सु. १८ मोलर, पण ३६ नॉर्मल असते. त्यामुळे वरील पाण्यास ते १६७ मिलि. पुरते. एका रेणूमागील दोन हायड्रोजन विसरून ३३३ मिलि. घातल्यास दर लिटरास ६ मिलिसममूल्ये अम्ल जादा होऊन पीएच मूल्य सु. २·२ पर्यंत उतरते. असे पाणी पंपाचे व गाळणीचे धातूचे भाग गंजविते आणि तोट्यांतून थेट वेलींच्या मुळांशी पोहोचते. प्रयोगवहीत एका गुणाने चुकणारे उत्तर बागेत हंगामाचे नुकसान करू शकते.

अम्ल हाताळताना ते नेहमी पाण्यात सावकाश ओततात. अम्लात पाणी कधीही ओतीत नाहीत, कारण विशेषतः संहत सल्फ्यूरिक अम्लाच्या बाबतीत निर्माण होणाऱ्या उष्णतेने पाणी उकळून अम्ल अंगावर उडते. हातमोजे व डोळ्यांचे संरक्षण आवश्यक असते. नळ्यांतील शेवाळ मारण्यासाठी वापरले जाणारे विरंजक चूर्ण किंवा सोडियम हायपोक्लोराइट आणि अम्ल ही एकत्र येऊ देत नाहीत, कारण त्यांपासून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

द्राक्षप्रक्रियेतही अनुमापन रोजच्या वापरातले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून नासिक परिसरात वाइननिर्मिती वाढत गेली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाविषयीचे धोरण जाहीर केले आणि जिल्ह्यातील विंचूर येथे वाइन उद्यान उभारण्यात आले. द्राक्षांची तोडणी केव्हा करावयाची हे ठरविताना रसातील शर्करेबरोबर अम्लताही पाहतात. रसातील टार्टारिक व मॅलिक ही अम्ले दुर्बल असली, तरी प्रबल क्षारकाने त्यांचे अनुमापन करता येते. मात्र सममूल्य बिंदू क्षारीय बाजूस येत असल्याने मिथिल ऑरेंज येथे निरुपयोगी ठरते व फिनॉल्फ्थॅलीन किंवा पीएच मापक (अंत्यबिंदू पीएच ८·२ च्या आसपास) वापरतात. काळ्या द्राक्षांच्या रसात दर्शकाचा रंग झाकला जात असल्याने पीएच मापकच सोयीचा असतो. १०·० मिलि. रसास ०·१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ९·२ मिलि. लागल्यास ०·९२ मिलिसममूल्य अम्ल होते. टार्टारिक अम्लाचा सममूल्यभार ७५·०४ धरून ही अम्लता दर लिटरास ६·९ ग्रॅ. येते. फळ पक्व होत जाते तसे, विशेषतः उष्ण हवेत, मॅलिक अम्ल घटते व ही संख्या उतरते. तोडणीस उशीर झाल्यास रस गोड पण सपक होतो. फार लवकर तोडल्यास आंबटपणा राहतो.

मर्यादा : अनुमापनाने विद्रावातील विक्रियाक्षम अम्लाची एकूण राशी कळते, तर पीएच मूल्याने त्या क्षणी मुक्त असलेल्या हायड्रोजन आयनांचे प्रमाण कळते. प्रबल अम्लाच्या विरल विद्रावात ही दोन्ही मापे एकमेकांवरून काढता येतात. ०·०१ मोलर हायड्रोक्लोरिक अम्लाचे पीएच मूल्य २ असते. द्राक्षरस किंवा विहिरीचे पाणी यांसारख्या दुर्बल अम्ले व त्यांची लवणे असणाऱ्या विद्रावांत मात्र एकावरून दुसरे काढता येत नाही. म्हणून पीएच कागदाने पाण्याचे मूल्य पाहून अम्लाची मात्रा ठरविणे चूक ठरते. एकच पीएच मूल्य असलेल्या दोन विहिरींच्या पाण्यास लागणारे अम्ल कित्येक पटींनी वेगळे असू शकते. नमुन्यात एकाहून अधिक अम्ले असतील, तर साध्या अनुमापनाने त्यांची बेरीज मिळते, वेगवेगळी प्रमाणे मिळत नाहीत. स्वयंचलित अनुमापक व पीएच मापक यांमुळे अंत्यबिंदू ओळखण्यातील मानवी दोष बराच कमी झाला आहे. परंतु प्रमाण विद्राव पारखून घेणे, विरलनाचा हिशेब ठेवणे व विक्रियेतील रेणूंचे परस्परप्रमाण लक्षात घेणे ही कामे यंत्र वापरतानाही विश्लेषकालाच करावी लागतात. [⟶ अम्ले व क्षारक, ठिबक सिंचन, द्राक्ष, वैश्लेषिक रसायनशास्त्र].